कागदावर न येणारा थकवा

1994 च्या फेब्रुवारीत शिरूर येथील मतिमंद मुलींच्या शासकीय वसतिगृहातल्या काही मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढून टाकण्यात आली. या मुलींना पाळीच्या दिवसांत स्वतःची स्वच्छता राखता येत नाही, सबब हे त्यांच्याच आरोग्यासाठी केले आहे, असे समर्थन जेव्हा पुढे आले, तेव्हा स्त्री-संघटनांनी आणि अपंगांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या मंडळींनी असा आवाज उठवला, की हे सत्र मध्येच थांबवावे लागले. ज्या संस्थेने पुरेशा सेविका नेमायच्या, कापड आणि पाणी पुरवायचे, आणि पाळीच्या दिवसांतली शिस्त त्या मुलींना धीराने लावायची, तिने आपल्या कर्तव्याचा भार त्यांच्या शरीरावर टाकला, हा आरोप मला तेव्हाही रास्त वाटला होता आणि आजही वाटतो. परंतु त्या सगळ्या गदारोळात एक व्यक्ती फारशी कोणाच्या नजरेस आली नाही: तेच काम घरी, विनापगार, विनारजा, वर्षानुवर्षे करणारी आई.

संस्थेला जे निक्षून नाकारले पाहिजे ते आईबापांनाही तितक्याच कठोरपणे नाकारावे काय, हा प्रश्न त्यानंतर अनेक घरांत, बंद दाराआड, पुन्हा पुन्हा उभा राहिला आहे. आणि त्याचे उत्तर देण्याची घाई करणाऱ्या दोन्ही पक्षांशी माझे पटत नाही. आईबापांच्या मायेवर सर्व सोपवून मोकळे व्हावे असे म्हणणारा एक पक्ष आहे, आणि त्यांच्या प्रत्येक निर्णयाकडे गुन्ह्याच्या संशयाने पाहणारा दुसरा. माझे म्हणणे असे आहे, की तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाविषयी निर्णय घेताना आईबापांना आपला थकवा, आपले वय, आपली गरिबी आणि आपली भीती ही कारणे म्हणून सांगण्याची मुभाच आपण ठेवलेली नाही. प्रत्येक गोष्ट मुलाच्या हिताच्या नावाने मांडावी, अशी आपली अलिखित सक्ती आहे. या सक्तीमुळे मुलाचे खरे हित झाकले जाते आणि आईबापांचा भार हलका करण्याची ज्यांची जबाबदारी, ते सगळे नामानिराळे राहतात.

याचे जगभर गाजलेले उदाहरण अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरातले आहे. अ‍ॅश्ली या नावाने जगाला माहीत झालेल्या एका सहा वर्षांच्या मुलीवर तेथे 2004 साली उपचार झाले. तिच्या मेंदूची वाढ तान्ह्या मुलाच्या अवस्थेपलीकडे गेली नव्हती. तिला मान धरता येत नव्हती, कूस वळता येत नव्हती, अन्न नळीने द्यावे लागत होते. आईवडिलांच्या विनंतीवरून डॉक्टरांनी तिचे गर्भाशय आणि स्तनांचे अंकुर काढले, आणि दोन वर्षांहून अधिक काळ इस्ट्रोजेनच्या मोठ्या मात्रा देऊन तिची उंची वाढण्याचे थांबवले. 2006 च्या अखेरीस डॉक्टरांनी हे एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले, जानेवारी 2007 मध्ये आईवडिलांनी स्वतः जगापुढे आपली बाजू मांडली, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात, चौकशीअंती, गर्भाशय काढण्यापूर्वी न्यायालयाचा हुकूम घ्यायला हवा होता हे रुग्णालयाला मान्य करावे लागले. आईवडिलांचा युक्तिवाद असा होता, की मूल लहान आणि हलके राहिले तर त्याला उचलता येईल, बरोबर नेता येईल, कूस बदलता येईल, शय्याव्रण टळतील. आणि हे सारे तिच्या सुखासाठी आहे, आमच्या सोयीसाठी मुळीच नाही. या शेवटच्या वाक्यावर त्यांनी जो भर दिला, त्याचे मला फार वाईट वाटते. मुलगी मोठी होईल आणि आपण म्हातारे होऊ, तिला उचलताना एक दिवस आपले हात थरथरतील, हे भय त्यांना नव्हते असे मानायला मी तयार नाही. आणि असे भय असणे हा काही अपराध नव्हे. तो अपराध ठरेल असे त्यांना वाटले, म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवले. आणि ते बाजूला ठेवल्यावर, दोन माणसांनी उचलण्याची सोय, उचलण्याचे यंत्र, रात्रपाळीची परिचारिका, अशा पर्यायांची चर्चा व्हायला हवी होती तितकी झाली नाही, कारण ते पर्याय मुलीला नव्हे, आईवडिलांना लागणारे होते.

आपल्याकडचे चित्र यापेक्षा पुष्कळ कठीण आहे. माझ्या परिचयाच्या एका दोन खोल्यांच्या घरात सेरेब्रल पाल्सी असलेली सोळा वर्षांची मुलगी आहे. प्रसूतीच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला, एवढे एकच कारण. वजन 30 किलोच्या आसपास. हातपाय ताठ, उचलले की पायांची कात्री होते, आणि ती कात्री हळूहळू, मांडीला हात घालून सोडवल्याशिवाय कपडा बदलता येत नाही. सकाळचा गुरगुट्या भात मुगाच्या वरणात कालवून, चमच्याच्या पाठीने दाबून, आई तिला भरवते तेव्हा मुलीची मान आपल्या डाव्या दंडावर किंचित पुढे झुकलेली ठेवते, कारण मान मागे गेली तर घास श्वासनलिकेत उतरतो आणि आठवड्याभरात छाती भरते. हे तिला कोणी पुस्तकातून शिकवले नाही, दोनदा न्यूमोनिया झाल्यावर ती शिकली. एका वाटीला तासभर लागतो. मग आकडीचे औषध सिरिंजने मोजून गालाच्या आतल्या बाजूस सोडायचे, मग उचलून मोरीत. मोरीचा उंबरा चार बोटे उंच आहे, आणि तो ओलांडताना ही बाई क्षणभर थांबून श्वास घेते. तिच्या कमरेत मणक्याची गादी सरकली आहे. ही मुलगी आईचा आवाज आला की हसते, आणि तिला आवडणारे एक भजन लागले की डोळे त्या दिशेला वळवते; तेव्हा तिला काही कळत नाही, असे जे लोक सहज म्हणून जातात, ते कधी तिच्याजवळ बसलेले नसतात.

या आईने एका डॉक्टरांना विचारले, की हिची पिशवी काढून टाकता येईल का? आपल्या राज्यात पिशवी काढणे ही बाब किती सहज बोलली जाते, हे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या हकिकतींनी आपल्याला दाखवलेच आहे, त्यामुळे या प्रश्नाचे कोणाला फारसे आश्चर्य वाटले नाही. डॉक्टरांनी कारण विचारले, आणि ती म्हणाली, तिच्याच भल्यासाठी. पुढे कधीतरी, भांडी घासता घासता, तिने मला खरी कारणे सांगितली. दर महिन्याचे पाच दिवस आपली कंबर मोडून जाते, हे एक. आणि दुसरे, जे सांगताना तिने हातातले पातेले खाली ठेवले: आपण मेल्यावर हिच्यावर कोणी हात टाकला तर निदान दिवस जाणार नाहीत.

या दुसऱ्या कारणापाशी थोडे थांबणे अवश्य आहे, कारण ते बहुतेक आयांच्या मनात असते आणि फार थोड्या ते उच्चारतात. गर्भाशय काढल्याने अत्याचार टळत नाही. टळते ती केवळ त्याची खूण. ज्या मुलीला बोलून सांगता येत नाही, तिच्यावर झालेल्या अन्यायाचा एकमेव पुरावा कित्येकदा तिची गर्भधारणाच ठरली आहे, आणि तो पुरावा आधीच नष्ट करून ठेवणे म्हणजे अत्याचार करणाराला आगाऊ अभय देणे. चंदीगडच्या एका शासकीय संस्थेत राहणाऱ्या सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेल्या तरुणीवर बलात्कार झाल्याचे असेच तिच्या गर्भारपणामुळे उघडकीस आले; तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 2009 साली न्यायालयाने तिची स्वतःची इच्छा प्रमाण मानून गर्भपाताचा हुकूम रद्द केला. आईचे भय मात्र खोटे नाही, म्हणून तिला नुसते तत्त्वज्ञान सांगून भागणार नाही. तिला सांगायला हवे, की पाळी थांबवणारी वा कमी करणारी, आणि पुढे बंद करता येणारी औषधे व साधने आहेत. तिला पाच दिवस मदतीला दुसरे दोन हात मिळाले तर पिशवीचा प्रश्न कदाचित उरतच नाही. आणि तिच्या पश्चात मुलीच्या निवाऱ्यावर लक्ष ठेवणारा कोणीतरी असेल. यांपैकी पहिली गोष्ट सांगणारे डॉक्टर तिला मिळतीलही. दुसरी आणि तिसरी गोष्ट सांगणारा आज कोण आहे?

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानभाग यांची आठवण येथे येणे अपरिहार्य आहे. 27 नोव्हेंबर 1973 च्या अमानुष हल्ल्यानंतर 18 मे 2015 रोजी मृत्यू येईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात, जवळजवळ बेचाळीस वर्षे, पडून होत्या. त्यांचे अन्न बंद करून त्यांना मरू द्यावे अशी याचिका सर्वोच्च न्यायालयासमोर आली, तेव्हा केईएमच्या परिचारिकांनी तिला विरोध केला, आम्ही यांना सांभाळत आलो आहोत आणि पुढेही सांभाळू असे सांगितले. आणि 2011 च्या निकालात न्यायालयाने त्यांच्या सेवेचा गौरव करताना, इतक्या वर्षांत अरुणाबाईंना एकही शय्याव्रण झाला नाही, याची मुद्दाम नोंद घेतली. त्या परिचारिकांपुढे मी मनोमन नतमस्तक आहे. पण ती सेवा शक्य कशी झाली, याचा विचार त्यांच्या गौरवाच्या भरात राहून गेला. तेथे पाळ्या होत्या. सकाळच्या बाईंची जागा दुपारच्या बाई घेत, दुपारच्यांची रात्रीच्या. एक पिढी निवृत्त झाली आणि दुसरीने तो वसा घेतला. खाट, कपडा, औषध, पाणी यांची तरतूद महापालिकेच्या रुग्णालयाने केली. म्हणजे शरीर पूर्णतः परावलंबी झालेल्या माणसालाही सन्मानाने, जखमेवाचून, चार दशके जगवता येते, हे मुंबईने सिद्ध करून दाखवले आहे, आणि त्यासाठी किती हात लागतात हेही. घरातल्या एका बाईकडून आपण त्याच निकालाची अपेक्षा करतो, आणि तिची पाळी बदलायला कोणी येत नाही.

थकवा सांगण्याची सोय नसली की तो इतर वाटांनी बाहेर पडतो. मोलमजुरीला जाणारी आई सहा वर्षांच्या, सतत धावणाऱ्या, रस्त्याचे भान नसलेल्या मुलाच्या कमरेला जुन्या साडीचा पट्टा बांधून तो खाटेच्या पायाला अडकवून जाते, आणि शेजारची माणसे तिला निर्दय म्हणतात, पण चार तास त्याच्याजवळ बसायला त्यांच्यापैकी कोणी येत नाही. मूल बांधणे वाईट आहे, हे तिला शेजाऱ्यांपेक्षा अधिक कळते.

भावंडांच्या बाबतीत हे प्रकरण आणखी गुंतागुंतीचे होते. पहिले मूल बहुविकलांग आहे असे कळल्यावर काही जोडपी दुसरे मूल होऊ देतात ते पुष्कळदा या हिशोबाने, की आपल्यानंतर थोरल्याला कोणीतरी असावे. जन्माला येण्याआधीच ज्याच्या नावावर एवढी जबाबदारी लिहिली गेली, त्या मुलाविषयी आपण फारसे बोलत नाही. ते गुणी असते, लवकर शहाणे होते, शाळेच्या सहलीला जाण्याचा हट्ट करत नाही, आणि सगळे त्याचे कौतुक करतात. पुढे, ते धाकटे मूल मुलगी असेल तर, तिच्यासाठी स्थळ येते, पोहे केले जातात, आणि थोरल्या भावाला आतल्या खोलीत निजवून दार ओढून घेतले जाते. आकडी येऊ नये म्हणून त्या दिवशी सगळ्यांचे कान त्या दाराकडे. लपवणे योग्य नव्हे, असे मी स्पष्टपणे मानतो, कारण ते त्या मुलाच्या अस्तित्वाचीच लाज बाळगणे आहे आणि येणाऱ्या माणसांची फसवणूकही आहे. तथापि खरे सांगितल्यामुळे मोडलेली लग्ने ज्या आईने पाहिली, तिला उपदेश करताना माझी जीभ जड होते. दोष ज्या समाजाने तो संबंध मोडला त्याचा आहे, आणि दार ओढून घेण्याची लाज मात्र आई सोसते.

अतिदक्षता विभागाच्या बाहेरचा प्रसंग याच जातीचा आहे. तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाला चौथ्यांदा न्यूमोनिया झाला, आणि डॉक्टर वडिलांना बाजूला घेऊन विचारतात, व्हेंटिलेटर लावायचा का? कायद्याने या बाबतीत काही मार्ग आखून दिला आहे: 2018 च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, उपचार थांबवण्यासाठी वैद्यकीय मंडळांची रीत घालून दिली, आणि 2023 मध्ये ती रीत थोडी सोपी केली. पण कॉरिडॉरमध्ये उभ्या असलेल्या बापाच्या डोक्यात त्या क्षणी मुलाच्या वेदना, रोजचे हजारो रुपयांचे बिल, गावाकडची गहाण जमीन आणि घरी थकून गेलेली बायको ही सगळी एकदमच असतात, आणि त्याने उत्तर मात्र फक्त पहिल्या गोष्टीवरून दिले असे दाखवायचे असते. पैशाचे कारण जर तो उघड सांगू शकला, तर निदान त्या कारणाचे निवारण करण्याची जबाबदारी कोणावर तरी येईल; आणि मग जे उरेल, म्हणजे या मुलाला आणखी नळ्यांचे दुःख द्यावे की नाही, त्याचा विचार थोड्या शांतपणे होईल.

अपंगांच्या चळवळीतून यावर एक हरकत येईल, आणि ती मी गांभीर्याने घेतो. आईबापांच्या थकव्याला कारण म्हणून मान्यता दिली, तर उद्या तोच थकवा मुलाच्या हक्कांवर मात करील, शिरूरच्या वसतिगृहाची सबब प्रत्येक घराला मिळेल, असे ते म्हणतील. परंतु थकवा सांगू देणे आणि थकव्याला निर्णायक मानणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. आईने आपली बाजू खुलेपणाने मांडावी, आणि मुलाची बाजू मांडणारा दुसरा कोणीतरी असावा, असे मला वाटते. कारण आज दोन्ही वकीलपत्रे आईच्याच हाती आहेत, आणि एकाच माणसाने दोन्ही पक्षांतर्फे बोलायचे म्हटले की गोंधळ होणारच. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंग स्त्रीचा गर्भपात तिच्या स्पष्ट संमतीवाचून करणे हा गुन्हा ठरवला आहे, पण तीव्र अपंगत्वाच्या बाबतीत पालकाची संमती आणि डॉक्टरांचे मत पुरेसे मानले आहे. म्हणजे जेथे मुलगी अगदीच असहाय असते, नेमके तेथेच तिच्यातर्फे बोलणारे तिसरे माणूस कायद्याने ठेवलेले नाही.

यासाठी नवे दफ्तर उघडण्याची गरज नाही. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, आणि तीत नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी व एक अपंग व्यक्ती सभासद असते. मूल अठरा वर्षांचे झाले की आईबापांचे नैसर्गिक पालकत्व संपते आणि या समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्वाचा दाखला घ्यावा लागतो, ही गोष्ट बँकेतला कारकून मुलाच्या खात्याला हात लावू देत नाही तोपर्यंत पुष्कळांच्या गावीही नसते. ही समिती आज बहुतांशी दाखले देण्याचे काम करते. तिने याहून अधिक करावे. ज्या शस्त्रक्रियेने अशा मुलाचे शरीर कायमचे बदलते, तिच्याविषयीचा प्रत्येक अर्ज तिच्यापुढे यावा. त्या मुलाची भेट घेऊन केवळ त्याच्या बाजूने बोलणारी एक व्यक्ती तिने नेमावी. आणि आईबापांचा जबाब घेताना घरात उचलायला किती माणसे आहेत, आई शेवटची पूर्ण रात्र कधी झोपली, तिची कंबर कशी आहे, हे विचारून लिहून घ्यावे. आणि अर्ज नामंजूर करायचा असेल, तर ज्या मदतीच्या अभावी तो आला ती मदत त्याच हुकुमात मंजूर करावी. नकार द्यायचा आणि बाईला पुन्हा त्याच मोरीच्या उंबऱ्यापाशी एकटे सोडायचे, हा अधिकार कोणत्याही समितीला असू नये.

ही मदत म्हणजे काय, याचाही कागदोपत्री विचार झालेला आहे. काही दिवस मूल सांभाळून आईबापांना विसावा देणारी ‘समर्थ’ आणि आयुष्यभराच्या निवाऱ्यासाठी ‘घरौंदा’ अशा योजना राष्ट्रीय न्यासाने आखल्या. पण तालुक्याच्या गावातल्या आईला ही नावे विचारून पाहा. डोंबिवलीजवळच्या खोणी गावात अमेय पालक संघटनेने आपल्या प्रौढ मुलांसाठी ‘घरकुल’ उभारले, ते आईबापांनी एकत्र येऊन. त्यांचा मला अभिमान वाटतो. परंतु देणग्या गोळा करण्याची, विश्वस्त मंडळ चालवण्याची आणि सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवण्याची ताकद ज्यांच्यात आहे, त्यांनाच हे जमते, आणि ज्या आईचे सकाळचे दोन तास भरवण्यात आणि न्हाऊ घालण्यात जातात तिच्यात ती कोठून येणार? 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातील अपंगांची संख्या 29 लाखांवर होती. त्यांतले अगदी परावलंबी असे थोडेच, म्हणून प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात अशा मुलांसाठी चार खाटा राखून, सोबत दोन प्रशिक्षित सेविका ठेवून, वर्षातून पंधरा दिवस कोणत्याही आईला कारण न विचारता मूल तेथे ठेवू द्यावे, ही मागणी राज्याच्या तिजोरीला न पेलणारी नाही. कारण विचारू नये, यावर माझा विशेष भर आहे. भाचीच्या लग्नाला जायचे असो, कमरेचे ऑपरेशन असो, की नुसते चार दिवस निवांत झोपायचे असो, तिने त्यासाठी मुलाच्या हिताचा दाखला जोडावा अशी अट त्या अर्जात असता कामा नये.